दोन बोटं जास्त

"माझ्यावर सोडा, सिस्टर!" असं भिंगरी म्हणाली, आणि तिथेच सगळं बिघडलं.

म्हणजे बघा, कुणी तिला विचारलंही नव्हतं. हाडांच्या वॉर्डच्या मोठ्या सिस्टर भिंगरीच्या मामाच्या पलंगाशी उभ्या राहून मामीला शांतपणे एवढंच सांगत होत्या, की खुब्याचा सांधा बदललाय, ऑपरेशन छान झालंय, आता घरी जायचं तर घर तयार पाहिजे. तीन गोष्टी बघणार. पलंग, कमोड आणि खुर्ची. तिन्ही पुरेशा उंच हव्यात. कारण बुटक्या खुर्चीत माणूस बसला की गुडघे वर जातात, कंबर काटकोनाच्या पलीकडे वाकते, आणि नवा सांधा जागेवरून निसटू शकतो. एवढं साधं. मामी पदराशी चाळा करत "हो, हो" म्हणत होती, आणि तेवढ्यात मागून औषधांचा ट्रे घेऊन येणारी आमची भिंगरी मध्येच घुसली. "माझ्यावर सोडा, सिस्टर! शुक्रवारपर्यंत घर तयार!"

मोठ्या सिस्टरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "शुक्रवारी मी स्वतः ॲम्ब्युलन्समधून यांच्याबरोबर येणार. तिन्हीतलं एक जरी चुकलं, तर त्याच गाडीतून यांना गावाबाहेरच्या केंद्रात नेणार. सहा आठवडे. चालेल?"

"चालेल!" भिंगरी म्हणाली. अहो, जायचं मामाला, आणि 'चालेल' म्हणते ही!

मामाचा चेहरा बघायला हवा होता. मामा म्हणजे शिंपी. पन्नास वर्षं एकाच खोलीत, एकाच मशीनवर, एकाच कापायच्या टेबलाशी. मशीनखाली घरंगळलेली बॉबिन काढायला वाकला आणि पडला, तेवढं सोडलं तर त्या खोलीने त्याचं कधी वाईट केलं नव्हतं. ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर माणसं पाणी मागतात, बायकोला हाक मारतात. मामाने डोळे उघडले, अंगावरच्या चादरीची कड चिमटीत धरली आणि म्हणाला, "ही दुमड कुणी घातली? वाकडी आहे." असा माणूस सहा आठवडे कात्रीशिवाय, कापडाशिवाय, अनोळखी लोकांच्या वाकड्या चादरींत! मामा भिंगरीकडे बघून हळूच म्हणाला, "भिंगरे, जमेल ना गं?"

आणि हेच तिला नको होतं. जमेल की नाही ते नव्हे हो, 'भिंगरे'! भिंगरी हे घरातलं नाव. लहानपणी स्वतःभोवती गरागरा फिरायची म्हणून मामाने ठेवलेलं. पण ती आता नर्स होती. सात महिन्यांपूर्वी नोकरीला लागलेली, छातीवर नावाची पट्टी लावलेली, रीतसर सिस्टर. आणि मामा वॉर्डात आल्यापासून तीन दिवसांत ते नाव पलंगापलंगावर पोचलं. पाठीचा मणका दुखावलेला बस ड्रायव्हर तिला "भिंगरी सिस्टर" म्हणायला लागला. नऊ नंबरचे आजोबा तर नुसतंच, "ए भिंगरी, भांडं आण!"

शिवाय तिचा युनिफॉर्म. तो मामानेच शिवलेला, आणि मामाची एक सवय होती. कुणाचंही काहीही शिवायचं असो, मापात दोन बोटं, म्हणजे दीड इंच, जास्त धरायची. "वाढतं अंग आहे," म्हणायचा. भिंगरीचं अंग चौदाव्या वर्षी वाढायचं थांबलं होतं, ते सगळ्या जगाला दिसत होतं, फक्त मामाला नाही. त्यामुळे बाही कोपराखाली, खांदे दंडावर, आणि वॉर्डात नवीन आलेल्या पेशंटला वाटायचं की ही पोरगी कुणा दुसऱ्या सिस्टरचा ड्रेस घालून आली आहे.

तर अशी ही भिंगरी, आणि तिच्या अब्रूचा प्रश्न. सोमवार होता. हातात चार दिवस.

पहिलं काम मापाचं. खुर्चीची उंची कशी ठरवतात, तर गुडघ्याच्या मागच्या घडीपासून टाचेपर्यंत माप घ्यायचं, आणि बैठक त्याच्या दोन बोटं वर ठेवायची, म्हणजे कंबर गुडघ्यापेक्षा उंच राहते. भिंगरी टेप घेऊन पलंगाशी गेली.

"आण इकडे," मामा म्हणाला.

"मामा, तू वाकायचं नाहीस. मी घेते."

"तू? माप? माझं?" एखाद्या सर्जनला कुणी म्हणावं की तुम्ही राहू द्या, टाके मी घालते, तसा मामाचा चेहरा झाला. "तू फक्त टेपचं खालचं टोक धर टाचेशी. वाचणार मी."

तिने खालचं टोक धरलं. मामाने वरून डोळे बारीक करून पाहिलं, ओठ हलवले आणि म्हणाला, "अठरा. लिही."

आता तुम्हाला म्हणून सांगायचं, मामाची उंची अशी, की मशीनमागे बसला की फक्त टक्कल दिसायचं. त्याच्या पायाचं माप खरं होतं साडेसोळा इंच. पण पन्नास वर्षांची सवय ती! डोळ्याने साडेसोळा वाचलं, तोंडाने दोन बोटं घालून अठरा सांगितलं, आणि आपण काही घातलंय हे मामाला स्वतःलाही कळलं नाही. भिंगरीने अठरा लिहिलं, पुस्तकातला नियम आठवला, त्यात आपली दोन बोटं घातली आणि वहीत ठळक अक्षरांत लिहिलं, साडेएकोणीस. खाली दोन रेघाही मारल्या.

मग कमोडची उंच सीट आणि वॉकर. ह्या दोन वस्तू हॉस्पिटलच्याच साहित्य कक्षात उसन्या मिळतात. साहित्य कक्ष दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद. लिफ्टच्या दाराशी पाटी, 'ज्यांना चालता येत नाही अशा रुग्णांसाठी'. त्या दोन जिन्यांवरून वर जाताना भिंगरीला त्या पाटीबद्दल बरंच काही सुचलं, पण वर पोचेपर्यंत दम लागून तिने ते सोडून दिलं.

आत एक कारकून. टेबलावर रबरी शिक्के ओळीत, आणि चेहऱ्यावर कुठलीच घाई नाही.

"रुग्णाची सही समक्ष लागेल," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे माझ्यासमोर."

"अहो, ते चालत नाहीत. म्हणून तर वॉकर हवाय."

"बरोबर आहे."

"मग ते दोन मजले चढून वॉकर मागायला कसे येतील?"

कारकुनाने विचार केला. खरंच केला, खोटं नाही सांगत. मग म्हणाला, "ते लिहायला अर्जात रकाना नाही."

"मग तुम्ही खाली चला ना! वॉर्ड तळमजल्यावरच आहे."

"कामाच्या वेळेत जागा सोडता येत नाही."

भिंगरी चिडली असती, पण तिचं लक्ष गेलं त्याच्या बसण्याकडे. माणूस एका कुल्ल्यावर बसला होता. मागच्या खिशात जाडजूड पाकीट, पाय खुर्चीखाली मुडपलेले, आणि दर दोन मिनिटांनी हात कमरेवर. नर्सच्या डोळ्याला हे दिसलं की तिला राहवत नाही. "कंबर कधीपासून दुखते?" तिने विचारलं.

"चार वर्षं झाली," कारकून म्हणाला, आणि पहिल्यांदाच माणसासारखा दिसला.

मग काय! पाकीट खिशातून बाहेर. जुन्या अर्जांचा एक गठ्ठा पायाखाली. शेजारच्या कपाटातला टॉवेल गुंडाळून कमरेमागे. "आता बसा. अर्ध्या तासाने उठायचं, चार पावलं चालायचं." कारकून बसला. इकडे हलला, तिकडे हलला, आणि हलकेच म्हणाला, "अगं बाई." मग घड्याळाकडे बघून म्हणाला, "चार वाजता माझी चहाची सुट्टी असते. सुट्टीत मी कुठेही असू शकतो. अर्ज माझ्या खिशात असू शकतो."

चार वाजता तो मामाच्या पलंगाशी आला. मामाने पेन हातात घेतलं, त्याच्याकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं.

"हा खांदा कुणी शिवला?"

"मामा, सही कर."

"सही पळून जात नाही. अहो, तुमचा उजवा खांदा अर्धा इंच पुढे आलाय. बाही जोडताना पीळ पडलाय. हात वर केला की सगळा शर्ट वर येतो ना?"

"येतो," कारकून चकित होऊन म्हणाला. "तुम्हाला कसं कळलं?"

"मला घरी जाऊ द्या. घेऊन या. नीट करतो." आणि मामाने सही केली. कारकुनाने तिथल्या तिथे शिक्का मारला. शिक्काही खिशात आणला होता बरं का.

तर कमोड आणि वॉकर मिळाले. पलंगाचं सोपं होतं, चार पायांखाली चार लाकडी ठोकळे. मंगळवारी संध्याकाळी ठोकळे लागले आणि पलंग वर गेला. मग लक्षात आलं, शेजारचं छोटं टेबल आता खाली राहिलं, मामाला पाण्याचं भांडं घ्यायला वाकावं लागणार. टेबल वर गेलं. मग टेबलावरच्या दिव्याची वायर पुरेना. मग वायर वाढवली. मामी हे सगळं कंबरेवर हात ठेवून बघत होती. तीही मामाच्याच उंचीची, म्हणजे तिला उंची ही गोष्ट फक्त फळ्यांवरच्या डब्यांमुळे माहीत होती.

"आणि मी गं?" तिने विचारलं. "मी काय शिडी लावून झोपू?"

तिच्यासाठी एक पाटावजा पायरी केली. पहिल्याच दिवशी त्या पायरीला भिंगरीचा अंगठा ठेचकाळला, हे ती कुणाला बोलली नाही. हाडांच्या वॉर्डातली नर्स आणि अंगठा ठेचला, कसं सांगणार?

आता राहिली खुर्ची.

इथे गुडघेकाकूंना आत घ्यायला हवं. त्या समोरच्या दारात राहायच्या. दोन वर्षांपूर्वी त्यांचे दोन्ही गुडघे बदलले, तेव्हापासून सगळे त्यांना गुडघेकाकू म्हणायचे, आणि त्यांनाही ते पदवीसारखं वाटायचं. घरात ठोकळ्यांचा ठकठकाट ऐकून त्या आल्या, सगळं फिरून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं भिंगरे, खुर्चीला कशाला पैसे घालतेस? माझी आहे की. गुडघ्यांच्या वेळची. उंच, हाताची, भक्कम. नुसती पडून आहे, वर इस्त्रीचे कपडे ठेवते मी. घेऊन जा."

सांगा बरं. कुठल्याही शहाण्या माणसाने "बरं काकू" म्हटलं असतं, खुर्ची उचलली असती आणि आपली ही गोष्ट इथेच संपली असती. पण त्यांनी 'भिंगरे' म्हटलं होतं. आणि भिंगरी त्या वेळी युनिफॉर्ममध्ये होती.

"काकू," ती म्हणाली, वॉर्डातल्या आवाजात, "असं कुणाचीही खुर्ची कुणालाही चालत नाही. प्रत्येक रुग्णाचं माप वेगळं असतं. हे शास्त्र आहे."

"हो का?" काकू म्हणाल्या. "बरं बाई." आणि गेल्या. पण दाराशी थांबून एवढं म्हणाल्याच, "गुडघे माझे बदललेत, डोळे नाहीत."

सुतार आला बुधवारी सकाळी. मामाचं जुनं गिऱ्हाईक. मामाने शिवलेल्या विजारी तो वर्षानुवर्षं घालायचा आणि अजून त्याला एकही लांडी झाली नव्हती. भिंगरीने वही दाखवली. साडेएकोणीस, खाली दोन रेघा.

"कळलं," सुतार म्हणाला. आता सुताराचंही एक तत्त्व होतं. लाकूड जास्त असेल तर कापता येतं, कमी पडलं तर जोडता येत नाही. शिवाय पाय झिजतात, फरशी उंचसखल असते. म्हणून मापात दोन बोटं जास्त धरायची. त्याने पेन्सिल कानामागून काढली आणि फळीवर लिहिलं, एकवीस. भिंगरी त्या वेळी ड्यूटीवर गेली होती.

मग राहिली मामी. तिने खुर्चीची बैठक हाताने दाबून पाहिली. लाकूड टणक. ऑपरेशन झालेल्या माणसाला असं बसवायचं? काही माया आहे की नाही? तिने फार विचार केला नाही, सरळ मामाच्या चिंध्यांच्या पोत्यातून कापडाचे तुकडे काढले आणि गच्च भरून एक उशी शिवली. चार बोटं जाड. चांगली टम्म.

गुरुवारी दुपारी भिंगरी घरी आली, तर खोलीच्या मध्यभागी खुर्ची उभी होती. काय खुर्ची होती महाराजा! हात असे रुंद, की त्यावर जेवणाचं ताट बसावं. पाठ ताठ. आणि उंची अशी, की सिनेमातला न्यायाधीश उठून उभा राहिला असता.

भिंगरी तिच्यासमोर उभी राहिली. मग वळली, हातांवर जोर दिला आणि एक छोटी उडी मारून बसली. पाय लटकले. तिने डावा पाय हलवला, उजवा हलवला. दोन्ही हवेत. शाळेत पहिल्या दिवशी मोठ्या बाकावर बसलेल्या मुलीसारखं तिला वाटलं. आणि ती तर मामापेक्षा चार बोटं उंच होती.

"मामी," ती वरून म्हणाली, "हे जास्त झालं."

"राजासारखी दिसतेस," मामी खालून म्हणाली.

सुताराला बोलावलं. टेप काढली. बेरीज-वजाबाकी सुरू झाली. भिंगरी म्हणाली, मी दोन बोटं धरली, नियमच आहे. सुतार म्हणाला, मीही दोन धरली, लाकडाचं असतंच तसं. मामी म्हणाली, माझी फक्त उशी. मग तिने हळूच विचारलं, "आणि ह्यांनी?"

तिघांनीही एकमेकांकडे पाहिलं. भिंगरीने आपल्या कोपराखाली लोंबणाऱ्या बाहीकडे पाहिलं, सुताराने घोट्याखाली लोंबणाऱ्या विजारीकडे, आणि उत्तर कुणी द्यायची गरजच राहिली नाही.

"कापा," भिंगरी म्हणाली. "सुतारकाका, उशी राहू दे, नाहीतर मामी रडेल. ती दबून दोनच बोटं उरते. खालून सहा बोटं कापा."

सुतार करवत घेऊन खाली बसला. खुणा केल्या. आणि मग त्याचा हात थांबला. कारण कापलेलं लाकूड परत येत नाही. तेवढ्यात मामीने मामाला फोन लावला होता, आणि फोनमधून वॉर्डातला मामा ओरडत होता, "एकदम कापू नका! राखून कापा! दोन बोटं राखून!" सुताराने मान हलवली. त्याचंही तेच मत होतं. त्याने खूण वर... म्हणजे खाली सरकवली. मग स्वतःचीही दोन राखली. चारही पायांचे जे तुकडे पडले, त्या प्रत्येकाची जाडी भिंगरीच्या दोन बोटांएवढी. तिने ते उचलून मोजले. मग पुन्हा मोजले.

"अजून कापा."

"उद्या सकाळी बघू," सुतार करवत पुसत म्हणाला. "आत्ता लाकूड ओलं आहे मनाने. एकदा बसू दे त्यांना. बसल्याशिवाय कापू नये."

आणि लाकूड मनाने ओलं असतं म्हणजे काय, हे विचारेपर्यंत तो गेलासुद्धा. शुक्रवारी सकाळी सुतार यायच्या आधी ॲम्ब्युलन्स आली.

मोठ्या सिस्टर हातात एक कार्ड आणि पेन्सिल घेऊन उतरल्या. मामा वॉकर धरून, एक पाऊल वॉकर, एक पाऊल दुखरा पाय, एक पाऊल चांगला पाय, असा अगदी शिकवल्याप्रमाणे घरात आला. खोलीत पाऊल टाकलं तसं त्याने खोल श्वास घेतला. कापडाचा, खडूचा, मशीनच्या तेलाचा वास. डोळे पाणावले त्याचे, पण तो म्हणाला एवढंच, "टेबल कुणी झाडलं नाही वाटतं."

पलंग. सिस्टरांनी मामाला बसवून, झोपवून, उठवून पाहिलं, पायांत उशी ठेवायला सांगितली. कार्डावर खूण. मामीची पायरी मात्र त्यांनी पायानेच भिंतीकडे ढकलली. "ही वाटेत नको. वॉकर अडकेल."

"सिस्टर, मी कशी चढू?" मामी.

"तुम्ही पलीकडच्या बाजूने." भिंगरीच्या अंगठ्याला बरं वाटलं.

कमोड. खूण.

खुर्ची.

ती खोली केवढीशी. मशीन, पलंग आणि कापायचं टेबल मांडल्यावर खुर्चीला जागा टेबलासमोरच होती. मामा तिच्याकडे पाठ करून उभा राहिला, शिकवल्याप्रमाणे दुखरा पाय पुढे सरकवला, मागे हात लावला, आणि बैठक त्याच्या कुल्ल्याला लागली. सुताराने दोन्ही बाजूंनी... नाही, सुतार नव्हताच हो. भिंगरी आणि सिस्टरांनी दोन्ही बाजूंनी धरून मामाला वर बसवलं.

मामा बसला. पाय हवेत. दोन्ही मोजे कसे स्वच्छ दिसत होते.

मामी उशीकडे बघत होती. मोठ्या सिस्टर कार्डाकडे. दारात, उघडं दार दिसलं म्हणून, गुडघेकाकू.

"पाय टेकत नाहीत," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "लोंबते पाय सुजतात. उतरताना तोल गेला तर सांधा गेला. माप कुणी घेतलं?"

इथे भिंगरीला सांगता आलं असतं. मामाने अठरा सांगितलं. सुताराने एकवीस केलं. मामीने उशी शिवली. सगळं खरं होतं. मामा खुर्चीवरून तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं की आता त्याला कळलंय, ती पहिली दोन बोटं कुणाची.

"मी," भिंगरी म्हणाली. "माप घेणं माझं काम होतं, सिस्टर. मी दुसऱ्याला वाचू दिलं."

सिस्टरांनी मान हलवली. रागाने नाही. "योग्य खुर्ची नाही, तर मी यांना इथे ठेवू शकत नाही. गाडी दहा मिनिटं थांबेल."

दहा मिनिटं. सुताराचा पत्ता नाही. मामाने खुर्चीचा हात घट्ट धरला. आणि भिंगरी वळली, तर दारात गुडघेकाकू, हाताची घडी घालून. वाट बघत होत्या. त्यांना दोन वर्षं वाट बघायची सवय होती, गुडघ्यांमुळे.

भिंगरी त्यांच्यासमोर गेली. युनिफॉर्मच्या बाह्या सरळ केल्या. "काकू," ती म्हणाली, आणि घसा साफ केला. "तुमची खुर्ची देता का?"

"देईन की," काकू म्हणाल्या. "पण प्रत्येक रुग्णाचं माप वेगळं असतं ना गं? शास्त्र आहे म्हणे."

"काकू!"

"नाही, आपलं विचारलं. मला काय कळतंय?"

"काकू, चुकले मी. तुमचे डोळे माझ्या टेपपेक्षा चांगले आहेत."

काकूंचा चेहरा एकदम खुलला. "मग इस्त्रीचे कपडे खाली काढ त्यावरचे. आणि नीट घड्या न मोडता!"

खुर्ची आली. भिंगरीने या वेळी टेप स्वतः हातात घेतली, मामाच्या पायाशी खाली बसली, टाच ते गुडघ्याची घडी, मोठ्याने वाचलं, "साडेसोळा." मामाने तोंड उघडलं. तिने वर पाहिलं. मामाने तोंड मिटलं. मग खुर्चीची बैठक मोजली. अठरा. बरोबर दोन बोटं वर. मामाला उचलून तिकडे बसवलं, तर पाय जमिनीवर, कंबर गुडघ्यापेक्षा उंच, पाठ टेकलेली. जणू त्याच्यासाठीच केली होती.

"गुडघे बदलायच्या आधी मी आणि हा एकाच उंचीचे," काकू सगळ्यांना सांगत होत्या. "मंगळवारीच सांगितलं असतं, कुणी विचारलं असतं तर!"

सिस्टरांनी कार्डावर तिसरी खूण केली. मामीने डोळे पुसले. आणि सगळे चहाच्या तयारीला लागले, तोवर मामा उठला. हळूच, वॉकर धरून, शिकवल्याप्रमाणे. त्याला टेबलावरची धूळ सहन होत नव्हती. टेबलाशी आला आणि मागे ती न्यायाधीशाची खुर्ची उभी, तिच्या कडेवर नुसता टेकला. उशी दबली. पाय जमिनीवर. अर्धा उभा, अर्धा बसलेला, कंबर मोकळी, आणि टेबल बरोबर हाताशी. त्याने हाताने धूळ झटकली, खडू उचलला, आणि पहिली सरळ रेघ ओढली.

"थांबा," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

भिंगरी हातातली कपबशी ठेवून धावली.

सिस्टर मामाभोवती फिरल्या. बाजूने कंबरेचा कोन पाहिला. पाय पाहिले. हाताने खुर्ची हलवून पाहिली, ती काही हलेना. "असं टेकून काम करायचं स्टूल आम्ही उभ्याने काम करणाऱ्या पेशंटला सुचवतो," त्या म्हणाल्या. "साहित्य कक्षात एकच आहे, आणि त्याचे पाय डगमगतात. हे कुणी केलं?"

"चौघांनी मिळून," भिंगरी म्हणाली.

"उशी काढून टाका, घसरेल. बाकी उत्तम. एका वेळी वीस मिनिटं, मग आराम." त्यांनी कार्ड उलटं केलं. "वॉर्डासाठी असंच एक करून मिळेल का? माप मी देते."

"द्या," दारातून आवाज आला. सुतार करवत घेऊन पोचला होता. "लिहून देऊ नका फक्त. तोंडी सांगा."

गाडी गेली, काकू गेल्या, चहा झाला. मामा टेबलाशी टेकून उभा. उशी मामीच्या मांडीवर. भिंगरी ड्यूटीवर निघाली, दाराशी पोचली, तोच मागून हाक आली.

"सिस्टर!"

ती चमकून वळली. मामा तिच्याकडेच बघत होता, गळ्यात टेप, हातात खडू, आणि आयुष्यात पहिल्यांदा जरा ओशाळलेला.

"ड्यूटीवरून आलीस की तो ड्रेस इथे टाक. उद्या देतो. खांद्यात, बाहीत घेतो आत. दोन बोटं."

भिंगरी परत आत आली, त्याच्या गळ्यातली टेप काढून घेतली, आणि स्वतःच्या खांद्यावर लावून त्याच्यासमोर उभी राहिली.

"घे," ती म्हणाली. "पण वाचणार मी."